वाट चुकू नये म्हणून

(प्रस्तुत पाठात सूर्य, सावली, तारे, नद्या आणि डोंगर यांच्या मदतीने दिशा कशी ओळखावी, याची माहिती दिली आहे. ही विद्या नुसती वाचून येत नाही. ती रोजच्या निरीक्षणाने अंगी बाणते, हा विचार या पाठात मांडला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, कोल्हारहून राहुरीला जायचे असेल तर तुम्ही कोणाला वाट विचाराल का? मुळीच नाही. नगर-मनमाड रस्ता गावातूनच जातो. रस्त्यावर पाट्या आहेत, दुकाने आहेत, माणसे आहेत. चुकण्याचे काही कारणच नाही.

आता आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या) पश्चिम टोकाला जाऊ या. तेथे अकोले तालुका आहे. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर याच तालुक्यात आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे. हरिश्चंद्रगड आणि रतनगड हे किल्लेही येथेच आहेत. पावसाळ्यात या डोंगरांवर कधी कधी इतके दाट धुके उतरते, की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. माणसांच्या पायवाटा आणि गुरांच्या वाटा एकमेकींत मिसळून जातात. कोणती वाट गावाकडे जाते आणि कोणती कड्याकडे जाते, हे कळत नाही. अशा ठिकाणी दिशा चुकली तर जिवावर बेतू शकते.

“आमच्याजवळ मोबाइल असेल,” असे तुम्ही म्हणाल. मोबाइल हे चांगले साधन आहे, यात शंका नाही. तो उपग्रहाच्या मदतीने आपली जागा दाखवतो. पण डोंगरदऱ्यांत अनेक ठिकाणी नेटवर्क मिळत नाही. नकाशा आधीच उतरवून घेतला नसेल, तर पडद्यावर काहीच दिसत नाही. कधी फोन पावसात भिजतो, कधी बॅटरी संपते. साधन बंद पडले, की आपल्याजवळ उरतात ते आपले डोळे आणि आपली आठवण. म्हणून या दोघांना आधीपासून तयार करावे लागते.

ही तयारी घरापासूनच सुरू करता येते. प्रवरा नदीचेच उदाहरण घ्या. प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तेथून ती भंडारदरा धरणात येते. हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. पुढे संगमनेर, कोल्हार असे करत ती नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. म्हणजे ती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. मध्ये ती कितीही वळणे घेवो, तिचा एकंदर प्रवाह पूर्वेकडेच आहे. नगर-मनमाड रस्ता मात्र साधारणपणे दक्षिण-उत्तर जातो. नदी आणि रस्ता मिळून कोल्हारच्या जमिनीवर जणू चार दिशांची फुलीच काढतात. ही फुली मनात पक्की बसली, तर गावाच्या शिवारात तुम्ही कोठेही असा, दिशा विसरणार नाही.

गावातच आणखी एक खूण आहे. मशिदीचा मिहराब किब्ल्याच्या बाजूच्या भिंतीत असतो. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेला, पण किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. म्हणूनच आपल्याकडे कब्रस्तानातील कबरी साधारणपणे दक्षिण-उत्तर असतात. अनोळखी गावात गेल्यावर या खुणांवरूनही दिशेचा अंदाज करता येतो.

सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, हे लहान मूलही सांगते. खेड्यातील माणसे तर पूर्वेला ‘उगवती’ आणि पश्चिमेला ‘मावळती’ असेच म्हणतात. पण यात एक बारकावा आहे. सूर्य अगदी बरोबर पूर्वेला फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या दिवसांच्या सुमारास उगवतो. जूनमध्ये तो पूर्वेच्या डावीकडे, म्हणजे ईशान्येकडे सरकलेला असतो. डिसेंबरमध्ये तो उजवीकडे, म्हणजे आग्नेयेकडे सरकतो. आपल्या भागात हे सरकणे दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत जाते.

पण २५ अंश मोजायचे कसे? त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. हात पुढे ताठ करा आणि मूठ वळा. ही मूठ डोळ्याला साधारण १० अंश रुंद दिसते. क्षितिजापासून एकावर एक मुठी ठेवत गेलात, तर सुमारे नऊ मुठींत तुम्ही डोक्यावरच्या आकाशापर्यंत पोहोचाल. म्हणजे २५ अंश म्हणजे अडीच मुठी. किब्ला पश्चिमेपासून सुमारे एक मूठ उत्तरेकडे आहे, असेही आता तुम्हांला सांगता येईल. याच मुठीने संध्याकाळची वेळही कळते. मावळता सूर्य क्षितिजाच्या एक मूठ वर असेल, तर सूर्यास्ताला सुमारे पाऊण तास उरला आहे. डोंगरात असाल, तर हे गणित फार उपयोगी पडते. दोन मुठी उरल्या, की परतीच्या वाटेला लागलेले बरे.

दुपारी सूर्य डोक्यावर आला, की सावलीची मदत घ्यावी. अनेक पुस्तकांत असे लिहिलेले असते, की भर दुपारची सावली उत्तरेकडे पडते. वर्षाचा बहुतेक काळ हे खरे आहे. पण आपला प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलै महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात असा एकेक दिवस येतो, की भर दुपारी कोल्हारमध्ये उभ्या काठीची सावली पडतच नाही! या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य दुपारी आपल्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे छोटीशी सावली दक्षिणेकडे पडते. जो केवळ पुस्तकातील वाक्य पाठ करतो, तो जून महिन्यात उत्तरेऐवजी दक्षिणेकडे चालू लागेल. हातातील घड्याळाचा काटा सूर्याकडे धरून दिशा काढण्याची युक्तीही थंड प्रदेशांतील लोकांची आहे. आपल्याकडे सूर्य फार वर चढतो, म्हणून ती युक्ती दगा देते.

मग भरवशाची रीत कोणती? ती आपल्याच देशातली आहे आणि फार जुनी आहे. सपाट जमिनीवर एक सरळ काठी उभी रोवा. या काठीला ‘शंकू’ म्हणतात. काठीच्या बुडाभोवती दोरीने एक वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते. ती आखडत आखडत वर्तुळाला जेथे टेकेल, तेथे एक खडा ठेवा. दुपारनंतर सावली पुन्हा वाढू लागेल. ती वर्तुळाला दुसऱ्या बाजूने जेथे टेकेल, तेथे दुसरा खडा ठेवा. दोन्ही खडे जोडणारी रेघ म्हणजे पश्चिम-पूर्व रेघ. सकाळचा खडा पश्चिमेचा, दुपारचा खडा पूर्वेचा. ही रीत बाराही महिने चालते. अरब विद्वानांनी ती आपल्या देशाकडून घेतली आणि तिला ‘दायरा-ए-हिंदिया’ म्हणजे ‘हिंदी वर्तुळ’ असे नाव दिले. किब्ला ठरवण्यासाठीही ते तिचा उपयोग करत. वाटेत एवढा वेळ नसेल, तर सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरा खडा ठेवा. पहिला खडा अंदाजे पश्चिम दाखवील आणि दुसरा पूर्व.

सूर्य मावळला, की ताऱ्यांची सोबत सुरू होते. उर्दूत आपण होकायंत्राला ‘कुतुबनुमा’ म्हणतो. कुतुबनुमा म्हणजे कुतुब दाखवणारा. पण स्वतः कुतुबतारा, म्हणजे मराठीतील ध्रुवतारा, आकाशात उत्तरेला जवळजवळ स्थिर उभा असतो. तो सर्वांत तेजस्वी तारा आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. ध्रुव मध्यम तेजाचा तारा आहे. म्हणून त्याला शोधायला शिकावे लागते. उन्हाळ्याच्या रात्री उत्तरेला सप्तर्षी दिसतात. त्यांतील सात ताऱ्यांचा आकार पतंग आणि त्याची शेपटी यांसारखा असतो. पतंगाच्या पुढच्या बाजूच्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ क्रतूच्या बाजूने पाचपट लांबवा. ती ध्रुवाजवळ पोहोचते. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत. तेव्हा उत्तरेला शर्मिष्ठा हा पाच ताऱ्यांचा, इंग्रजी ‘एम’सारखा दिसणारा समूह दिशा दाखवतो.

हिवाळ्यातच मृग नक्षत्रही दिसते. त्याच्या मधोमध तीन तारे एका ओळीत असतात. हे तीन तारे जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात. त्यांतील एका ताऱ्याला जगभर ‘मिंटाका’ म्हणतात. हे नाव अरबीतील ‘मिन्तका’, म्हणजे कमरपट्टा, या शब्दावरून आले आहे. उर्दू जाणणाऱ्या मुलांना तर आकाशात आपल्या ओळखीचे किती तरी शब्द सापडतील.

ध्रुवतारा आणखी एक गोष्ट सांगतो. कोल्हारमध्ये तो क्षितिजापासून सुमारे दोन मुठी वर दिसतो, कारण आपले गाव विषुववृत्ताच्या सुमारे साडेएकोणीस अंश उत्तरेला आहे. कन्याकुमारीला तो एका मुठीपेक्षाही खाली असतो, तर श्रीनगरला जवळजवळ साडेतीन मुठी वर असतो. जितके उत्तरेला जावे, तितका ध्रुव वर चढतो. जुन्या काळी चौल, दाभोळ या कोकणातील बंदरांचा अरबस्तानाशी व्यापार चालत असे. अरबी समुद्रातील नाविक ‘कमाल’ नावाचे एक साधे साधन वापरत. कमाल म्हणजे मधोमध दोरी बांधलेली लाकडाची एक छोटी फळी. दोरीला गाठी मारलेल्या असत. नाविक दोरी दातांत धरी, फळीची खालची कड क्षितिजाला लावी आणि वरच्या कडेशी ध्रुव आला की नाही ते पाही. त्यावरून जहाज किती उत्तरेला आहे, हे त्याला कळे. पंधराव्या शतकातील प्रसिद्ध नाविक अहमद इब्न माजिद यांनी या विद्येवर ग्रंथ लिहिले.

ही विद्या केवळ इतिहासात राहिलेली नाही. पॅसिफिक महासागरातील सातावाल या लहानशा बेटावर माउ पियाइलुग नावाचे नाविक होते. लहानपणी आजोबांनी त्यांना दगड-पोवळ्यांचे वर्तुळ मांडून ताऱ्यांच्या जागा शिकवल्या होत्या. १९७६ साली ‘होकुलेआ’ या शिडाच्या होडीतून त्यांनी हवाई बेटांपासून ताहिती बेटापर्यंतची वाट दाखवली. हा प्रवास चार हजार किलोमीटरांहून अधिक होता. त्याला सुमारे एक महिना लागला. वाट दाखवण्यासाठी त्यांनी नकाशा किंवा होकायंत्र वापरले नाही. तारे, लाटा, वारा आणि पक्षी हेच त्यांचे वाटाडे होते.

इतक्या दूर कशाला जायचे? आपल्या जिल्ह्यातील धनगर बांधवांकडे पाहा. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीच्या परिसरातील धनगर पावसाळा संपला, की मेंढरांचे कळप घेऊन निघतात. सह्याद्री ओलांडून ते कोकणात उतरतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी परत येतात. कोठे पाणी मिळेल, कोठे मुक्काम करायचा, कोणत्या घाटाने उतरायचे, हे त्यांना तोंडपाठ असते. ते त्यांना कोणी वर्गात शिकवलेले नाही. वडीलधाऱ्यांबरोबर चालता चालता मुले ते शिकतात.

धनगरांप्रमाणे डोंगर वाचायला आपणही शिकू शकतो. सह्याद्रीची पश्चिम बाजू एकदम तुटलेली आहे. तिकडे खोल कडे आहेत. हरिश्चंद्रगडाचा प्रसिद्ध कोकणकडा पश्चिमेकडेच तोंड करून उभा आहे. पूर्वेची बाजू मात्र हळूहळू उतरत पठाराला मिळते. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून उघड्या माथ्यावरची झाडे पुष्कळदा पूर्वेकडे कललेली दिसतात. पण शेवाळ झाडाच्या उत्तरेच्या बाजूलाच असते, या समजुतीवर विसंबू नका. पावसाळ्यात सह्याद्रीत शेवाळ सगळीकडेच असते.

“वाट चुकली तर ओढ्याच्या काठाने खाली उतरावे, गाव लागतेच,” असे काही जण सांगतात. सपाट मुलखात हे चालेल. सह्याद्रीत मात्र हाच सल्ला घातक ठरतो. कोकणाच्या बाजूचे ओढे कड्यावरून धबधब्यासारखे कोसळतात. ओढ्यामागे गेलेला माणूस कड्याच्या टोकाशी अडकतो. तेथून त्याला खालीही जाता येत नाही आणि निसरड्या दगडांवरून वरही चढता येत नाही.

मग वाट चुकल्यावर काय करावे? सर्वांत आधी थांबावे. घाबरलेला माणूस भरभर चालतो आणि जास्तच दूर जातो. खाली बसावे, घोटभर पाणी प्यावे. शेवटची ओळखीची खूण कोणती होती, ते आठवावे. ती जवळ असेल आणि वाट दिसत असेल, तरच तिच्याकडे परतावे. अंधार पडला असेल किंवा दाट धुके असेल, तर जागा सोडू नये. सर्वांनी एकत्र राहावे आणि थोड्या थोड्या वेळाने तीन-तीन शिट्ट्या वाजवाव्यात. फोन लागत असेल, तर ११२ या क्रमांकावर मदत मागावी. घरून निघण्यापूर्वी कोठे जाणार आणि कधी परतणार, हे घरच्यांना सांगितलेले असावे. डोंगरावर जाताना पायथ्याच्या गावातला जाणता माणूस बरोबर घ्यावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

जाताना अधूनमधून मागे वळून पाहण्याची सवय ठेवा. परतीच्या वेळी वाट उलट्या बाजूने दिसते. जाताना जे झाड उजवीकडे होते, ते येताना डावीकडे असते. ज्याने मागे वळून पाहिलेले असते, त्याला परतीची वाट अनोळखी वाटत नाही.

मित्रांनो, संकटात सापडल्यावर ध्रुवतारा शोधायला शिकता येत नाही. तो आपल्या अंगणातून शंभर वेळा पाहिलेला असावा लागतो. काठीची सावली शाळेच्या मैदानात मोजलेली असावी लागते. तेव्हा आज रात्रीच गच्चीवर किंवा अंगणात जा. उत्तरेकडे तोंड करा, दोन मुठी मोजा आणि त्या ताऱ्याशी ओळख करून घ्या.

शब्दार्थ

शिवार – गावाची शेतजमीन
बारकावा – लहान पण महत्त्वाची गोष्ट
क्षितिज – आकाश जमिनीला टेकल्यासारखे दिसते ती रेघ (उफुक)
दगा देणे – ऐन वेळी उपयोगी न पडणे
वाटाड्या – वाट दाखवणारा (रहनुमा)
कडा – डोंगराची उभी, तुटलेली बाजू
मुलूख – प्रदेश
घातक – नुकसान करणारे
जाणता – माहितगार, अनुभवी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?
(आ) प्रवरा नदी कोणत्या नदीला मिळते?
(इ) ‘मिंटाका’ हे नाव कोणत्या शब्दावरून आले आहे?
(ई) ढवळपुरी परिसरातील धनगर कोकणात केव्हा जातात?

२. कारणे लिहा.
(अ) जून महिन्यात कोल्हारमध्ये भर दुपारची सावली उत्तरेकडे पडत नाही.
(आ) सह्याद्रीत वाट चुकल्यावर ओढ्याच्या काठाने उतरू नये.
(इ) डोंगरात केवळ मोबाइलवर विसंबून राहू नये.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘हिंदी वर्तुळा’ची रीत तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) वाट चुकल्यावर काय करावे आणि काय करू नये?

४. पुढील उर्दू शब्दांना मराठी शब्द लिहा.
मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब, कुतुबनुमा.

५. वाक्यांत उपयोग करा.
जिवावर बेतणे, तोंडपाठ असणे, दगा देणे.

उपक्रम : शाळेच्या मैदानात शंकू रोवून पश्चिम-पूर्व रेघ काढा. मैदानावर १०० मीटर अंतर आखा आणि ते चालायला तुम्हांला किती पावले लागतात, ते मोजून वहीत लिहा.